सगळ्यांना विचारायचं

“माफी मागितली तर काय जीभ झिजणार आहे का तुझी?”

“जीभ नाही झिजत. दुसरंच काहीतरी झिजतं.”

“मग झिजू दे ना! पोतंभर आहे तुझ्याकडे ते. चिमूटभर कमी झालं तर कुणाला कळणारही नाही.”

“मला कळेल.”

“तुला कळेल! आणि माझं काय? माझं कुणाला कळणार आहे या घरात?”

किल्लीमावशी ओट्याशी पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. कप केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ती विसळतच होती. तिची पोर दारात उभी, एक चप्पल पायात आणि एक हातात. ती हातातली चप्पल घालायला घेतली होती की बोलताना नाचवायला, हे तिचं तिलाही आता आठवत नव्हतं.

“चूक नसताना माफी मागायची?” मावशी नळाला म्हणाली.

“चूक असती तर माफी मागण्यात अवघड काय होतं? चूक नसताना मागायची, तीच खरी माफी. सगळे मागतात. रोज मागतात. तूच शिकवलंस ना मला, गणवेश दिसला की आधी हसायचं?”

“हसायला शिकवलं. चाटायला नाही शिकवलं.”

“मग तेही शिकवायचं होतंस! अर्धवट शिक्षण कशाला दिलंस?”

मावशीला हसू आलं. पाठमोरी होती म्हणून बरं. या पोरीशी भांडताना हीच पंचाईत व्हायची, रागात असली की पोर हुबेहूब आप्पांसारखी बोलायची. आणि आप्पांपुढे मावशीचं कधी काही चाललं नव्हतं.

आप्पा म्हणजे मावशीचे वडील. चौकातल्या कापडदुकानाच्या जिन्याखाली, जिथे माणसाला ताठ उभंही राहता येत नाही, तिथे त्यांनी किल्ल्यांचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे काय, एक फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, एक घासायचं यंत्र आणि बसायला एक डबा. म्हातारपणी आप्पांचे हात थरथरायला लागले, तेव्हा परकरातली मावशी डब्यावर बसली आणि आप्पा तिच्या मागं, जिन्याच्या पायरीवर. ते सांगायचे आणि ती करायची. “जोर लावू नको. कुलपाला दमात घ्यायचं नसतं, त्याचं ऐकून घ्यायचं असतं. हां, ऐक. बोललं का?” आणि कुलूप खरंच टक्‌कन बोलायचं.

लोकांना वाटतं, किल्लीवाल्याचं काम कुलूप उघडणं. आप्पांच्या मते ते अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे विचारणं. दाराबाहेर उभा माणूस म्हणतो, हे माझं घर. ठीक आहे, पण कशावरून? नाव-पत्ता असलेलं काहीतरी दाखव, नाहीतर शेजाऱ्याला हाक मार. सगळंच आत राहिलं असेल तर मी उघडून देते, पण आत शिरल्याबरोबर आधी कागद आणून दाखवायचा, मग बाकीचं. त्याशिवाय मावशी पिशवी उचलून निघायची नाही.

लहान असताना तिनं एकदा विचारलं होतं, “आप्पा, ती कोपऱ्यावरची आजी तर आपल्याला रोज दिसते. तिला कशाला कागद मागितलात? केवढी चिडली ती.”

“तिला नाही मागायचा तर कुणाला मागायचा?”

“ज्याचा संशय येईल त्याला.”

आप्पांनी हातातली कानस खाली ठेवली. “संशय कुणाचा येतो, ठाऊक आहे का तुला? ज्याची चप्पल तुटकी, त्याचा. जो मळका, जो घाबरलेला, जो ततपप करतो, त्याचा. आता मला सांग, चोर तुटकी चप्पल घालून येईल का गं? तो तर बुटाला पॉलिश करून येईल. मग आपण संशय घेत बसलो, तर आपल्यासारख्याच माणसांना पिडत बसू जन्मभर. म्हणून तोंड बघायचं नाही. विचारायचं. सगळ्यांना विचारायचं, नाहीतर कुणालाच नाही.”

मावशीनं आयुष्यभर सगळ्यांना विचारलं. चिडणारे चिडले, तरी दाखवलं त्यांनी. एकदा एक गृहस्थ अंघोळीनंतर पेपर उचलायला बाहेर आले आणि मागं लॅच लागलं. कमरेला फक्त टॉवेल. मावशीनं नाव-पत्ता विचारल्यावर बिचारे काकुळतीला आले, “मावशी, टॉवेलाला खिसा नसतो हो!” मावशीनं समोरचं दार वाजवलं. समोरच्या बाईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “माणूस तोच का ते सांगता येत नाही, पण टॉवेल ओळखीचा आहे. रोज आमच्याच दारासमोर वाळतो.” तेवढ्यावर मावशीनं दार उघडलं. ते गृहस्थ पुढं कितीतरी वर्षं चौकात भेटले की स्वतःहून हात वर करायचे, “आज खिसा आहे बरं का मावशी!”

ही झाली मावशीनं विचारण्याची गोष्ट. मावशीला विचारलं जाण्याची गोष्ट वेगळी. तिच्यात टॉवेल नव्हता आणि विनोदही नव्हता.

मावशी राहायची पुलाखालच्या वस्तीत. सगळ्यांच्या कार्डावर पत्ता असतो, तसा तिच्याही कार्डावर होता, आणि तो वाचला की वाचणाऱ्याचा आवाज बदलायचा. वस्तीतून चौकात जायचं तर पूल चढायचा, आणि पुलाच्या तोंडाशी पोलिसांची चौकी. वरच्या अंगानं येणाऱ्या गाड्या सुसाट जायच्या. खालून चढणारा माणूस थांबायचा. थांब म्हणायचीही गरज नव्हती, पाय आपोआप थांबायचे आणि हात गळ्यातल्या दोरीकडे जायचा. वस्तीत लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात कार्ड, ताईत असावा तसं. पोरं खेळताना ते पाठीवर टाकायची, बायका भांडी घासताना दातात धरायच्या.

आणि मावशीकडे तर ती पिशवी. तारा, आकडे, कानशी, पक्कड, तेलाची कुपी. चौकीवरचा शिपाई नवा असला की पिशवी उघडायची, मांडायची, समजावून सांगायची. शिपाई जुना असला की तो म्हणायचा, “काय मावशी, आज कुणाचं घर?” आणि मावशी हसायची. रोज तोच विनोद, रोज तेच हसू. जिन्याखाली पोचेपर्यंत गाल दुखायचे.

नवरा होता तोवर घरी येऊन ती हे बोलायची. तो भिंती रंगवायचा, स्वभावानं अगदी चुन्यासारखा थंड. एके दिवशी सकाळी बनियनवर दूध आणायला म्हणून तो पुलापलीकडे गेला आणि कार्ड राहिलं घरातल्या खुंटीवर. त्याला चौकीतल्या बाकावर बसवून ठेवलं. मावशी कार्ड घेऊन धावत गेली, तर म्हणाले, साहेब येऊ देत. साहेब आले दुपारी. तोवर माणूस मांडीवर दुधाची पिशवी घेऊन उन्हात बसून. दूध नासलं. माणूसही त्या दिवशी कुठंतरी आतून नासला, कारण त्यानंतर तो घरातसुद्धा कार्ड गळ्यातून काढेना. अंघोळीला गेला तरी दारावरून दोरी लोंबताना दिसायची. शेवटच्या आजारात ईसीजीची पट्टी काढायची म्हणून डॉक्टरांनी ते कार्ड बाजूला ठेवलं, तर हा उशीखाली चाचपत राहिला. पोर तेव्हा लहान होती. पण त्या लहान पोरीनंच ते कार्ड बापाच्या मुठीत परत दिलं. पुढं ती नर्स का झाली, हे मावशीला कुणी सांगावं लागलं नाही.

आता मोठ्या इस्पितळात पोरीची निवड झाली होती. कामावर हजर होण्याआधी फक्त एक दाखला हवा होता, पोलीस ठाण्याचा. मुलगी चांगल्या वागणुकीची आहे, एवढंच त्यांनी लिहून द्यायचं. आणि त्याच ठाण्यातल्या साहेबाच्या खणात गेल्या आठवड्यापासून मावशीचं कार्ड पडून होतं.

झालं होतं ते असं. टेकडीवरच्या बंगल्यावरून फोन आला. बाई भाजी घेऊन परतल्या, दार उघडून पर्स आत टेकवली, बागेच्या नळाशी हात धुवायला वळल्या आणि वाऱ्यानं दार लागलं. पर्स आत, किल्ली आत, चष्माही आत; बाहेर भाजी आणि फोन तेवढा. मावशी धापा टाकत टेकडी चढली.

“बाई, बरं झालं तुम्ही लवकर आलात,” त्या म्हणाल्या. वयानं मावशीच्याच बरोबरीच्या, हातात पिशव्या, कपाळावर घाम.

“दमलात ना? बसा पायरीवर, आत्ता उघडते. तेवढं नाव-पत्ता असलेलं काही आहे का जवळ?”

“कशाला?”

“विचारावं लागतं. सगळ्यांनाच विचारते.”

“अहो, सगळं आत आहे!”

“मग शेजारचं कुणी?”

“शेजाऱ्यांशी आमचं बोलणं नाही.”

“काही हरकत नाही. मी दार उघडते. आत गेलात की आधी काहीतरी आणून दाखवा, मग मी निघते.”

बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. “म्हणजे माझ्या घरात जाऊन मी तुला पुरावा आणून दाखवायचा? माझ्याच दारात?” मघाचं ‘तुम्ही’ कुठल्या कुठे गेलं.

“हो.”

“मी काय चोर दिसते?”

“नाही हो. अजिबात नाही.”

“मग?”

आता ‘मग’ला काय उत्तर द्यायचं? घर बाईंचंच होतं. मावशीला त्याची तसूभर शंका नव्हती. शंका नव्हती आणि तरी विचारलं, ह्यातच तर सगळं होतं, पण ते टेकडीवरच्या उन्हात सांगणार कसं? बाईंनी पोलिसांना फोन लावला.

वस्तीत आग लागली तेव्हा बंबसुद्धा इतक्या लवकर आला नव्हता. गाडीतून एक मिशीवाला शिपाई उतरला आणि मागून तरणा साहेब. साहेबानं बाईंना नमस्कार केला. मग मावशीकडे न बघता हात पुढं केला, “कार्ड.” मावशीनं ते आधीच काढून धरलं होतं.

“हं. पुलाखालची.” त्यानं मिशीवाल्याला खूण केली. मिशीवाल्यानं पिशवी उलटी केली. कानशी आपटल्या, तेलाची कुपी फुटली, कोऱ्या किल्ल्या उतारावरून खळखळत गटाराकडे निघाल्या.

“ही कसली हत्यारं?”

“कुलूप उघडायची.”

“म्हणजे घरफोडीची.”

“घरफोडीची असती तर एव्हाना दार उघडलं असतं ना, साहेब? मी तर उघडतच नाहीये.”

मिशीवाला फिस्सकन हसला. साहेब हसला नाही. मिशीवाल्यानं मिशीवरून हात फिरवून हसू पुसून टाकलं.

“उघड दार.”

“उघडते. मला विचारलंत तसं आधी बाईंना विचारा. एकदाच. कार्ड आहे का म्हणून. त्यांनी नाही म्हटलं तरी उघडते.”

एवढंच. मावशीनं आवाज चढवला नव्हता, हात उगारला नव्हता. पण तिथं असं काही घडलं, की जणू तिनं साहेबाच्या कानाखालीच वाजवली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबाचे कान लाल झाले. त्यानं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं आणि वरचं बटण लावलं.

“हे आता ठाण्यात मिळेल. मॅडमची माफी मागितलीस की.”

बसस्टँडजवळच्या चष्मेवाल्या किल्लीवाल्याला बोलावण्यात आलं. तो आला, काहीही न विचारता वाकला आणि दार उघडून मोकळा झाला. जाताना त्यानं गटाराच्या कडेची कानस उचलून मावशीच्या हातात दिली. “मावशी, पोरंबाळं आहेत,” तो पुटपुटला.

“मलाही आहे,” मावशी गुडघ्यांवर बसून म्हणाली.

तेव्हापासून ती घरात होती. कार्डाशिवाय पूल ओलांडता येत नव्हता, जिन्याखालचा डबा रिकामा पडला होता. आणि ज्या पोरीसाठी जन्मभर कानस घासली, ती आज दारात चप्पल नाचवत भांडत होती.

आता मात्र पोरीनं ती चप्पल पायात घातली. आवाज खाली आला.

“आई, तुला एक सांगितलं नाही मी. दाखल्यासाठी गेले होते ना त्या दिवशी. त्या साहेबानं माझं नाव वाचलं, पत्ता वाचला. मग म्हणाला, तुझ्या आईच्या पिशवीतलं सामान तूही चालवतेस का गं? इस्पितळात औषधांची कपाटं असतात, म्हणाला. तिथं दुसरे दोघं होते, ते हसले.” ती थांबली. “आणि मीही हसले, आई. तू शिकवलंस तसंच.”

मावशीनं नळ बंद केला. तिला वाटलं, उचलावा हा कप आणि फेकावा भिंतीवर, आणि मग दुसरा, आणि मग तवा. स्वतःसाठी आलेला राग तिला ठाऊक होता, जुन्या शिपायासारखा, रोजचा, हसून वाटेला लावता येणारा. हा राग नवा होता. याला हसून वाटेला लावता येईना.

पदराला हात पुसून तिनं खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली. नुसत्या हातांनी घराबाहेर पडायची तिला सवयच नव्हती.

“चल,” ती म्हणाली. “मागते माफी.”

पोरीनं आधी ठाण्यात फोन केला; साहेब म्हणाला, या, मॅडमनाही बोलावून घेतो. पुलावर पोरीनं स्वतःचं कार्ड दाखवलं आणि आईला साहेबांनी बोलावलंय म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे सोडलं. ठाण्याच्या फाटकावर दुसरा पहारेकरी.

“कार्ड जमा करा. जाताना परत मिळेल.”

पोरीनं दिलं. तो मावशीकडे वळला.

“माझं आत आहे,” मावशी म्हणाली.

“आत म्हणजे?”

“आत म्हणजे आत. साहेबांच्या खणात.”

“मग आणून जमा करा.”

“आणायला आत जावं लागेल ना?”

“कार्डाशिवाय आत जाता येत नाही.”

“म्हणून तर आणायला चाललेय!”

“अहो बाई, मला नियम शिकवू नका. आधी कार्ड, मग आत.”

“दादा,” पोर मध्ये पडली, “कार्ड आत आहे म्हणून ही बाहेर आहे, आणि ही बाहेर आहे म्हणून कार्ड आत आहे. आम्ही काय म्हातारं व्हायचं इथं फाटकावर?”

पहारेकऱ्यानं डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता, गोंधळला होता इतकंच. तेवढ्यात मागून गाडीचा भोंगा वाजला. त्यानं घाईघाईनं दोघींना बाजूला सारलं, आडवा बांबू वर केला आणि सलाम ठोकला. काच वर केलेल्या गाडीत टेकडीवरच्या बाई होत्या. गाडी सरळ आत गेली. बांबू खाली येण्याआधी पोरीनं आईचा दंड धरला आणि गाडीच्या मागोमाग तीही आत शिरली. पहारेकरी “अहो, अहो” करत राहिला.

साहेबाच्या खोलीत समोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाई बसल्या. दुसरीवर साहेबाची टोपी होती. टोपी उचलली गेली नाही, म्हणून या दोघी उभ्या राहिल्या.

“हं, बोल,” साहेब म्हणाला.

मावशीनं कडू काढा घ्यावा तसं एका दमात म्हणून टाकलं, “चुकलं माझं, मॅडम. माफ करा.”

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. काही झिजल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

बाईच अवघडल्या. “अहो, असू दे. मी काही वाईट बाई नाही हो. मला फक्त फार लागलं. या वयात, उन्हात, स्वतःच्या दारात उभी आहे आणि कुणीतरी विचारतंय, तू कोण, दाखव. घरी आल्यावर मी रडले, खोटं नाही सांगत. किती अपमान वाटतो, तुम्हाला नाही कळायचं.”

पोरीनं सावकाश मान वळवून आईकडे पाहिलं. मावशी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होती.

“नाही कळायचं,” मावशी म्हणाली.

“झालं तर मग!” साहेबानं खण उघडला, कार्ड काढलं, पण दिलं नाही. दोन बोटांत धरून टेबलावर त्याची कड आपटत राहिला. “आता एक लक्षात ठेवायचं. यापुढे कुठंही काम कर, पण मॅडमसारख्या लोकांना असले प्रश्न करायचे नाहीत. प्रतिष्ठित माणसं आहेत. कबूल?”

माफी मागायची तयारी मावशी करून आली होती. याची तयारी तिच्याकडे नव्हती.

“मग विचारायचं कुणाला, साहेब?”

“ज्याला विचारायला हवं त्याला.”

“म्हणजे कुणाला? नीट सांगा. परत चुकायला नको.”

“अगं, माणूस बघून कळतं!” साहेब हसला. आता त्याचं बरं चाललं होतं. “आम्हाला नाही का कळत? पुलावर दिवसभर आमची माणसं उभी असतात. सगळ्यांना थांबवतात का? कुणाला थांबवायचं, कुणाला सोडायचं, नजरेला सवय होते.”

“मला रोज थांबवतात.”

“बरं, मग?”

मावशीजवळ त्यापुढचं पुष्कळ होतं. उन्हात नासलेलं दूध होतं, दारावरून लोंबणारी दोरी होती, रोजच्या विनोदाला दुखणारे गाल होते. डोळ्यांपुढं लाल झालं आणि पिशवीचा पट्टा धरलेली मूठ इतकी आवळली गेली, की नखं रुतली. बाई पर्सचा चाप उघडत होत्या आणि मिटत होत्या.

साहेब पोरीकडे वळला. “नर्सबाई, तुम्ही शिकलेल्या. समजवा आईला. हा तुमचा दाखला, ही सहीची जागा आणि हे पेन. हिनं फक्त कबूल म्हणायचं.”

सहीची जागा मावशीला उलटी दिसत होती. तिनं पोरीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा कोरा. हिनं अभ्यास केला तो त्या जिन्याखाली, यंत्राच्या खरखरीत, कानात कापूस घालून. मावशीची मूठ सुटली. म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. शब्द काय, हवेतच जातात. मनात काय ते मनात. तिनं तोंड उघडलं.

“मॅडम,” त्याआधीच पोर म्हणाली. अगदी हळू, रुग्णाला दुखतंय का विचारावं तशी. “मघाशी फाटकावर तुम्ही काय दाखवलंत?”

“मी?” बाई खरंच आठवू लागल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्या प्रामाणिकपणे आठवत होत्या. “काही नाही गं. काय दाखवायचं? गाडी थांबलीच नाही.”

पोरीनं मान हलवली. मग आईच्या खांद्यावरची पिशवी अलगद उतरवून स्वतःच्या खांद्याला लावली आणि ती दाराकडे वळली.

मावशीला पहिल्यांदा आला तो पोरीचाच राग. “अगं ए! कुठं निघालीस? माफी मागून झाली ना माझी! आता अर्ध्यात सोडून कुठं?”

“ओ नर्सबाई,” साहेब पेन वर धरून म्हणाला, “तुम्हालाच विचारतोय. करायची की नाही सही?”

पोरीनं दार उघडलं आणि ती निघून गेली. पिशवीतल्या कानशी बाहेरच्या लांबच लांब बोळात बराच वेळ वाजत राहिल्या.